विश्लेषण : घरबसल्या शत्रूचा तळ ‘पाहणारे’ सैनिक! अमेरिकेने २० वर्षांहून अधिक काळ हे का शिकवले आणि शेवटी का थांबवले?

‘तिसरा डोळा’ उघडण्याचे कोर्स विकणारे आजही अमेरिकी लष्कराचा दाखला देतात. तो दाखला खरा आहे. फक्त अर्धा आहे.

हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याचे नावच पुरेसे बोलके आहे. एके काळी निजामाचा मुलूख आणि वऱ्हाड यांची हद्द याच पट्ट्यातून जायची. आज मराठवाडा आणि विदर्भाची जाते. नाका म्हटला की तपासणी आली, पलीकडून काय येते आहे ते आधी कळण्याची धडपड आली. हिंगोलीत निजामाच्या काळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आता राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. भरतीची तयारी करणारी पोरे या भागात पहाटे रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात, आणि धावून झाले की मोबाइल हातात असतोच.

त्या मोबाइलवर एक जातीचे व्हिडिओ सतत फिरत असतात. सूर ठरलेला : ‘अमेरिकेच्या लष्कराने सैनिकांना डोळे मिटून हजारो किलोमीटरवरचे पाहायला शिकवले. सरकारी कागदपत्रे उघड! तुम्हीही शिका.’ खाली फीचा आकडा आणि क्यूआर कोड.

गंमत अशी, की यातले पहिले वाक्य खरे आहे. कागदपत्रेही खरी आहेत. सीआयएने जानेवारी २०१७ मध्ये सुमारे ९ लाख ३० हजार दस्तऐवज इंटरनेटवर टाकले, त्यात या प्रकल्पाच्या फायलीही आहेत. कुणीही घरबसल्या वाचू शकतो. पण व्हिडिओ जिथे थांबतो त्याच्या पुढची पाने फारसे कुणी उघडत नाही.

नेमके प्रकरण काय होते?

१९७०च्या आसपास अमेरिकेत बोलबाला झाला, की सोव्हिएत संघ मानसिक शक्तींवर संशोधन करतो आहे. शीतयुद्धाचा काळ. समोरच्याकडे खरेच काही असेल तर आपण मागे राहायला नको, ही भीती. १९७२ मध्ये सीआयएच्या पैशातून कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये प्रयोग सुरू झाले. प्रयोग करणारे हॅरल्ड पुटहॉफ आणि रसेल टार्ग हे दोघे लेझरवर काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ होते, कुणी बाबा-बुवा नव्हते. ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यात इंगो स्वान हा चित्रकार होता आणि पॅट प्राइस हा माजी पोलीस अधिकारी. या तंत्राला नाव पडले ‘रिमोट व्ह्यूइंग’. मराठीत दूरदर्शन म्हणावे तर घोटाळा होईल, म्हणून दूरदृष्टी म्हणू.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सीआयएने अंग काढून घेतले आणि लष्कराने हात घातला. मेरीलँडमधील फोर्ट मीड या तळावर छोटी तुकडी बसली. प्रकल्पाची नावे बदलत गेली : गोंडोला विश, ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक आणि शेवटी १९९१ पासून स्टार गेट. एकूण खर्च साधारण २ कोटी डॉलर. रक्कम मोठी वाटते, पण २० वर्षांत वाटली तर अमेरिकेच्या संरक्षण खर्चात ती चिल्लर आहे. ‘एवढ्या मोठ्या लष्कराने पैसा घातला म्हणजे तथ्य असणारच’ हा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. लष्कराने विश्वासाने नव्हे, भीतीने पैसा घातला. लॉटरीचे तिकीट घेणारा माणूस बक्षीस लागणार याची खात्री असते म्हणून घेत नाही.

प्रशिक्षण कसे चालायचे?

८०च्या दशकात इंगो स्वान याने लष्करी अधिकाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याची पद्धत बसवली. शिकाऱ्याला अक्षांश-रेखांश किंवा नुसता एक आकडा द्यायचा. त्याने कागदावर झटकन एक रेघ ओढायची. मग त्या रेघेवरून जाणवेल ते सांगायचे : खडबडीत की गुळगुळीत, थंड की गरम, रंग, वास. नंतर उंची-रुंदी, मग रेखाटन, शेवटच्या टप्प्यात चक्क मातीचे मॉडेल.

यात एक नियम फार महत्त्वाचा होता. पाहिलेल्या गोष्टीचे नाव घ्यायचे नाही. ‘पूल’ म्हणायचे नाही. ‘लांब, आडवे, खाली पोकळी’ म्हणायचे. नाव मनात आलेच तर ती बुद्धीची भेसळ समजून बाजूला लिहून ठेवायची. ऐकायला शिस्तबद्ध वाटते, पण या एका नियमाने उत्तर चुकण्याची शक्यताच जवळपास संपवली. कारण ‘पूल’ चुकू शकतो. ‘लांब, आडवे, खाली पोकळी’ सहसा चुकत नाही.

पटत नसेल तर कनेरगाव नाक्यावरच करून पाहता येईल. समजा, पाच ठिकाणे घेतली : पाण्याची टाकी, रेल्वे स्टेशन, मंदिर, शाळा आणि नदीवरचा पूल. चिठ्ठी टाकून एक ठिकाण निवडले आणि मित्र तिथे जाऊन उभा राहिला. हिंगोलीत बसलेल्या ‘द्रष्ट्या’ने डोळे मिटून सांगितले : ‘काहीतरी उंच दिसते आहे. सिमेंट किंवा दगड. जवळपास पाणी आहे. माणसांची ये-जा आहे. एक गोलसर आकार आहे.’ आता मित्राला फोन लावा. तो टाकीखाली असेल तर म्हणेल, अगदी बरोबर! मंदिरात असेल तर कळस उंच, गाभारा दगडी, बाहेर नळ. स्टेशनवर असेल तर उंच सिग्नल, पाण्याची टोटी, गोल घड्याळ. शाळेत असेल तरी हातपंप सापडतोच. पाचही जण प्रामाणिक आहेत, कुणीही खोटे बोललेले नाही आणि तरीही पाचही वेळा ‘चमत्कार’ झाला.

म्हणून खऱ्या चाचणीत मित्राला विचारायचेच नसते. तिसऱ्या, काहीच माहीत नसलेल्या माणसासमोर वर्णन आणि पाचही ठिकाणांचे फोटो ठेवायचे आणि जोडी लावायला सांगायची. नुसत्या अंदाजाने पाचातली एक जोडी बरोबर येईल, म्हणजे २० टक्के. त्याहून बरेच जास्त, पुन:पुन्हा आले तर विचार करावा.

स्टॅनफर्ड इन्स्टिट्यूटच्या सुरुवातीच्या प्रयोगांत हेच केले होते आणि निकाल फारच भारी आले होते. मग न्यूझीलंडच्या डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कामन या मानसशास्त्रज्ञांनी मूळ नोंदी तपासल्या. द्रष्ट्याशी झालेल्या संभाषणात ‘काल आपण गेलो ते ठिकाण’ अशा छापाचे उल्लेख राहून गेले होते. जोड्या लावणाऱ्याला ठिकाणांचा क्रम माहीत असेल तर कोणते वर्णन कोणत्या दिवसाचे हे त्यावरून ओळखता येत होते. दूरदृष्टीची गरजच नव्हती. १९७८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात त्यांनी हे छापले. प्रयोगशाळेत कुणी मुद्दाम फसवले असे मानण्याचे कारण नाही. पेपर फुटला होता आणि फुटल्याचे कुणाच्या लक्षात आले नव्हते.

मग जे ‘बरोबर’ आले त्याचे काय?

समर्थकांची दोन उदाहरणे ठरलेली आहेत आणि ती टाळून पुढे जाणे बरे नाही. पहिले, १९७४ चे. पॅट प्राइस याला सोव्हिएत संघातील सेमिपलातिन्स्क येथील एका गुप्त केंद्राचे अक्षांश-रेखांश दिले. त्याने रुळांवर चालणाऱ्या अवाढव्य क्रेनचे चित्र काढले आणि तशी क्रेन उपग्रहाच्या फोटोत होती. जुळले, हे खरे. पण त्याने सांगितलेल्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी तिथे नव्हत्या. क्रेनचे चित्र पुस्तकांत छापले जाते, बाकीचे नाही. दुसरे उदाहरण माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे. झाईरमध्ये कोसळलेले एक विमान उपग्रहांना सापडत नव्हते, ते एका महिलेने समाधी अवस्थेत ठिकाण सांगितल्यावर सापडले, असे त्यांनी १९९५ मध्ये जाहीरपणे सांगितले. राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या माणसाचे बोलणे हलके घेता येत नाही. पण असे किती अंदाज चुकले, ही दुसरी बाजू समोर असल्याशिवाय एका विमानावरून काहीच ठरत नाही.

त्या दुसऱ्या बाजूला जनरल जेम्स डोझियर आहेत. डिसेंबर १९८१ मध्ये इटलीत ‘रेड ब्रिगेड्स’ने या अमेरिकी अधिकाऱ्याचे अपहरण केले. दूरदृष्टीवाल्यांना कामाला लावले, वर्णनांचा पाऊस पडला. जानेवारी १९८२ मध्ये डोझियर पादुआतील एका फ्लॅटमध्ये सापडले ते इटालियन पोलिसांच्या तपासामुळे. वर्णने येत होती तोवर ती तपासायलाही माणसे लागत होती, हा खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

१९९५ मध्ये प्रकल्प पुन्हा सीआयएच्या गळ्यात आला, तेव्हा त्यांनी ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च’ या संस्थेला मूल्यमापन दिले. दोन तज्ज्ञ नेमले. संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स म्हणाल्या, प्रयोगशाळेतील आकडे निव्वळ योगायोगाने येतील असे नाहीत. मानसशास्त्रज्ञ रे हायमन म्हणाले, आकडे वेगळे दिसतात म्हणून अतींद्रिय शक्ती सिद्ध होत नाही. प्रयोगाच्या पद्धतीतच दोष असू शकतात. हा मतभेद आजही मिटलेला नाही आणि ‘विज्ञानाने सिद्ध केले’ म्हणणारे फक्त अट्स यांचे वाक्य उचलतात.

लष्कराच्या दृष्टीने मात्र प्रश्न वेगळा होता. मोबाइलला दोन काड्या रेंज असली तरी फोन लागतो. इथे काड्या आहेत की नाहीत यावरच वाद आणि फोन तर एकदाही लागला नव्हता. अहवालाने नोंदवले, की या माहितीच्या आधारे प्रत्यक्ष कारवाई करता यावी असे एकाही प्रकरणात घडले नाही. त्याच वर्षी स्टार गेट बंद झाला.

ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयालाही २००१-०२ मध्ये हा मोह झाला. नामांकित द्रष्ट्यांनी नकार दिल्यावर त्यांनी १८ नवखे लोक घेतले, बंद पाकिटात फोटो ठेवले आणि विचारले, आत काय आहे? एका पाकिटात मदर तेरेसांचा फोटो होता. सुमारे २८ टक्के जण उत्तराच्या थोडेफार जवळ आले, एक जण प्रयोगात झोपी गेला. १८ हजार पौंड खर्चून प्रकरण मिटले. सरकारी पैशाचा अपव्यय म्हणून तेव्हा टीका झाली, पण खरे तर हा सगळ्यात स्वस्त आणि शहाणा खर्च म्हणायला हवा. २० वर्षे लागली नाहीत.

पुण्यातली पावडर आणि भोसरीतली दुर्बीण

हे सगळे परदेशातले म्हणून हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. मे २००२ मध्ये बीबीसीने बातमी दिली, की कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील युद्धविषयक प्रयोगांच्या अभ्यासासाठी भारताच्या संरक्षण मंत्रालयाने पैसा मंजूर केला आहे आणि काम पुणे विद्यापीठाशी संबंधित संशोधक करणार आहेत. विषय : महिनाभर उपाशी राहूनही लढता येईल असा आहार आणि काळोखात दिसण्यासाठीची पावडर. अर्थशास्त्राच्या १४व्या अधिकरणात असे प्रयोग आहेत हे खरेच; रानडुकराचा डोळा, काजवा, घुबड, मांजर अशा साहित्याचे अंजन डोळ्यात घातले की रात्री दिसते, असे तिथे म्हटले आहे.

प्राचीन ग्रंथाचा अभ्यास करण्यात गैर काही नाही, उलट करायलाच हवा. कौटिल्याचे हेरखाते, करव्यवस्था, दुर्गरचना यांवर जगभर लिहिले जाते. पण सैनिकाला रात्री दिसायला हवे ही गरज खरी आहे आणि तिचे उत्तर त्याच पुण्यात, भोसरीला तयार होत होते. १९९० मध्ये स्थापन झालेली ‘बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हाइसेस’ ही कंपनी नाइट व्हिजन उपकरणांचे हृदय, म्हणजे इमेज इंटेन्सिफायर ट्यूब, तिथे बनवत होती. तत्त्व सोपे आहे. चांदण्याचा अगदी अंधूक प्रकाश एका पडद्यावर पडतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, सूक्ष्म छिद्रांच्या चकतीतून जाताना त्यांची संख्या हजारो पटींनी वाढते आणि पलीकडच्या पडद्यावर हिरवे चित्र उमटते. ही ट्यूब कुणालाही द्या, साधकाला वा नास्तिकाला, दिसते सारखेच.

२०१० मध्ये डीआरडीओच्या शरीरक्रियाशास्त्र संस्थेने अहमदाबादेत प्रल्हाद जानी यांना १५ दिवस निरीक्षणाखाली ठेवले. आपण कित्येक दशके अन्नपाण्याविना जगतो, असा जानी यांचा दावा होता आणि संस्थेला सैनिकांच्या दृष्टीने त्यात रस होता. या काळात त्यांना गुळण्या आणि आंघोळ करता येत होती, यावर बुद्धिवाद्यांनी बोट ठेवले. संरक्षण खात्याने असे दावे तपासू नयेत असे नाही. तपासावेत; पण टीकाकाराला खोलीत बसवून तपासावेत आणि निष्कर्ष लोकांसमोर ठेवावा. गोपनीयतेच्या पडद्याआड केलेला प्रयोग पुढे सोयीने ‘लष्करानेही मान्य केले’ बनून बाजारात येतो.

नाक्यावरचे खोटे यंत्र

कुणी म्हणेल, मानली सैन्याने दोन-चार वर्षे अशी एखादी गोष्ट, तर बिघडले काय? उत्तर बगदादच्या नाक्यांवर आहे. ‘एडीई ६५१’ नावाचे बॉम्बशोधक यंत्र इराकने प्रचंड पैसे मोजून घेतले. मूठ, तिला बिजागरीवर हलणारी अँटेना आणि आत इलेक्ट्रॉनिक्सच्या नावाने शून्य. मूळ वस्तू अमेरिकेत हरवलेला गोल्फचा चेंडू शोधण्याचे खेळणे म्हणून विकली जात होती. आपल्याकडे पाणाड्या हातात फांदी घेऊन चालतो तेच हे. मनगटाची नकळत होणारी बारीक हालचाल फांदीला झुकवते आणि माणसाला वाटते ती आपोआप झुकली.

पाणाड्या चुकला तर बोअर कोरडी जाते आणि कर्ज तेवढे डोक्यावर राहते. बगदादमध्ये हे यंत्र चुकत होते तेव्हा स्फोटकांनी भरलेली वाहने नाक्यांवरून शहरात जात होती. ऑक्टोबर २००९ च्या एकाच हल्ल्यात दीडशेहून अधिक माणसे मेली. विक्रेता जेम्स मॅककॉर्मिक याला ब्रिटिश न्यायालयाने २०१३ मध्ये १० वर्षांची शिक्षा दिली. तरीही हे यंत्र इराकी नाक्यांवर २०१६ पर्यंत वापरात होते.

अशाच ‘जीटी २००’ यंत्राची थायलंडने २०१० मध्ये चाचणी घेतली. चार डब्यांपैकी एकात स्फोटक, २० फेऱ्या. यंत्राला ४ वेळा जमले. डोळे झाकून बोट ठेवले असते तर ५ वेळा जमायला हवे होते.

आपल्याकडे हे कशाला?

कारण मराठवाड्याला दूरदृष्टी नवी नाही, फक्त तिचे नाव नवे आहे. पायाळू माणसाच्या डोळ्यात अंजन घातले की जमिनीखालचे धन दिसते, ही समजूत जुनी आहे. हिंगोली ज्या परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, त्याच परभणीतील मानवत इथे १९७२ ते १९७४ दरम्यान गुप्तधनाच्या नादात बायका-मुलींचे खून पडले. आता अंजनाची जागा डोळ्यांवरच्या पट्टीने घेतली आहे. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या वर्गात पोरे पट्टी बांधून रंग ओळखतात, वाचतात, आई-बाप फी भरतात. पट्टी आणि नाक यांच्या मधल्या फटीवर कापूस लावला, किंवा कागद डोक्याच्या मागे धरला, की शक्ती जाते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे आणि लोकांना फसवणे हा गुन्हा आहे : ६ महिने ते ७ वर्षे कैद, ५ ते ५० हजार रुपये दंड. पण ‘मानसिक प्रशिक्षण’, ‘न्यूरो’, ‘क्वांटम’ असे शब्द लावून आणि अमेरिकी लष्कराचा शिक्का मारून आलेली गोष्ट चमत्कार वाटतच नाही, कोर्स वाटते. तिथे कायद्याआधी तक्रारदार अडखळतो. भरतीत काही गुणांनी मागे राहिलेल्या पोराला ‘एकाग्रता आणि अंतर्दृष्टी’ विकणे सोपे असते, कारण तो कशालाही हात घालायला तयार असतो. फोर्ट मीडचे अधिकारी तरी वेगळे कुठे होते?

तपासायचे कसे, हे महाराष्ट्राने दाखवलेले आहे. दिवंगत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी २००८ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञांना बरोबर घेऊन २०० मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. ५१ ज्योतिषी तयार झाले, प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के. नाणे उडवले असते तर ५० आली असती.

दूरदृष्टीची तर अगदी तंतोतंत चाचणीही नागपुरात मांडली गेली होती. जानेवारी २०२३ मध्ये बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री तिथे आले असता श्याम मानव यांनी ३० लाख रुपयांचे आव्हान दिले. अट अशी, की समोरच्या अनोळखी दहा जणांची माहिती सांगावी आणि शेजारच्या खोलीतील दहा वस्तू ओळखाव्यात. उत्तरे ९० टक्के बरोबर हवीत. शास्त्री यांनी त्यांना रायपूरला बोलावले, पोलिसांनी गुन्हा आढळला नसल्याचे सांगितले आणि चाचणी झालीच नाही.

अमेरिकेला जे कळायला २ कोटी डॉलर लागले, ते कोर्सची फी भरण्याआधी कनेरगाव नाक्यावर कुणालाही तपासता येईल. दोन खोल्या लागतील, दहा वस्तू, वस्तू ठेवणारा एक माणूस, उत्तरे लिहून घेणारा दुसरा, ज्याला पहिल्याने काय ठेवले ते माहीत नाही. खर्च चहाचा. आणि नियम एकच : ‘काहीतरी गोलसर’ चालणार नाही, वस्तूचे नाव सांगायचे.